सिद्धगडावरची गाय

आता सगळेच गडावर फिरायला जातात हो. आमच्या लहानपणी, इंग्रजांच्या राज्यात, मुरबाडहून सिद्धगडावर उगीच कोण चढतं! पण आमचे वडील शाळामास्तर. दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि आम्हा भावंडांना घेऊन निघाले. माचीवरच्या वाडीत एका म्हातारीकडे पाणी मागितलं, तर तिनं आधी विचारलं, "कदी हरवली?"

"काय?"

"तुमची गाय."

वडील म्हणाले, "आमच्याकडे गायच नाही. आम्ही गड बघायला आलोय."

म्हातारी हसली. "गड तर तुमच्या घरून पन दिसतो. त्याच्यासाठी कोन कशाला चढंल?"

मग आईला हळूच म्हणाली, "बाय, लाजू नको. कोनाचीबी हरवते."

तिनं हाक मारली आणि वाडीतले गडी रानात पांगलेसुद्धा. "अहो, गाय नाही आमची!" म्हणत वडील त्यांच्या मागे आणि आम्ही वडिलांच्या मागे. गड राहिला बाजूला. उन्हं कलली तेव्हा त्यांनी एक काळी गाय आणून दावं वडिलांच्या हातात दिलं. बिचारे इतके दमले होते की नाही म्हणवेना.

उतरताना गाय पुढे, आम्ही मागे. पायथ्याच्या गावात ती सरळ एका गोठ्यात शिरली. मालक बाहेर आला. आळीपाळीनं गायीकडे आणि आमच्याकडे बघत राहिला.

"कुठं गावली?"

वडील म्हणाले, "मला काही माहीत नाही. मी शाळामास्तर, सुट्टीत आम्ही गड बघायला गेलो होतो."

त्यानं जरा विचार केला.

"मंग मे महिन्याच्या सुट्टीत पन जा ना मास्तर. माजा बैल पन वरच हाय."