हेटीची भुवई

जिल : आई, कोट घाल. मी त्या समोरच्या म्हाताऱ्याच्या दारात गाडी लावलीय, तो केव्हाचा पडद्याआडून डोळे वटारतोय.

हेटी : मी येत नाहीये.

जिल : सकाळी येते म्हणालीस! केस सेट करून घेतलेस.

हेटी : केस मी नोरासाठी केले. इतक्या लांबून बहीण आलीय म्हणून.

नोरा : माझ्यासाठी? सत्तर वर्षांत माझ्यासाठी कधी साधा कंगवा फिरवला नाहीस तू.

जिल : मावशी, तू तरी सांग हिला. तीनशे माणसं येऊन बसलीत. आख्ख्या वर्दिंगमध्ये आज तिकीट मिळत नाहीये. एक्केचाळीस वर्षांनी कुणीतरी हेटी स्पर्जनचा सिनेमा थिएटरात दाखवतंय, तोसुद्धा खास तिच्या सत्कारासाठी.

हेटी : हेटी स्पर्जनचा नव्हे, हीरोचा, पर्सिव्हल ट्रेंटचा. सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव तेरावं. माझ्या खाली नुसता घोडा.

नोरा : घोडा तुझ्या वर होता.

हेटी : वर होता?

नोरा : मी तीनदा पैसे देऊन बघितलाय. घोडा बारावा होता.

जिल : बरं, असू दे घोडा. पण आज पर्सिव्हल ट्रेंटला कोण ओळखतं सांग? नाताळात टीव्हीवर तो सिनेमा लागला की लोक वाट बघतात ती घरमालकिणीची. चहाचा ट्रे घेऊन ती न्हाणीघराचं दार उघडते, टबात भाडेकरूने लपवलेलं बदक, आणि ही एक शब्द बोलत नाही. नुसती डावी भुवई वर, वर, वर, आणि तोंड खाली. काय चेहरा आहे तो! माझ्या ऑफिसातला पोस्ट वाटणारा माणूससुद्धा करून दाखवतो.

हेटी : एकतीस सिनेमे केले मी. कधी घरमालकीण, कधी मोलकरीण, कधी पाद्रीबुवांची बहीण. ट्रे घेऊन आत ये, बघ, बाहेर जा. एकदा नर्स केली, वाटलं चला, सुटका झाली. तर तिच्याही हातात ट्रे.

जिल : म्हणूनच म्हणते ना, चल. सकाळपासून झालं काय तुला?

नोरा : तो पुठ्ठा झाला. तू पिशवीतून काढून दाखवलास तेव्हापासून ही अशी बसलीय.

जिल : मुखवटा? अगं, तो गंमत म्हणून छापलाय त्यांनी. एकेका खुर्चीवर एकेक ठेवलाय. सिनेमा संपला की तू स्टेजवर जायचं, तो चेहरा करायचा, आणि समोर तीनशे लोक तुझाच चेहरा लावून बसलेले! मला तर नुसत्या कल्पनेनेच हसू येतंय.

हेटी : तो चेहरा माझा नाही.

जिल : म्हणजे? भुवई तुझी, तोंड तुझं. शाळेत मी करून दाखवायचे तेव्हा सगळ्या पोरी माझ्याभोवती गोळा व्हायच्या. घरी मात्र तू कधी केला नाहीस. सहा वर्षांची असताना हट्ट धरला, तर माझ्या थोबाडीत मारलीस. जन्मात एकदाच मारलंस मला, तेही ह्या चेहऱ्यापायी.

हेटी : आठवतंय मला.

जिल : मला अजून कळलेलं नाही, का ते.

नोरा : जिल, तू गाडी हलव जा. तो म्हातारा खाली उतरेल आता.

हेटी : बसू दे तिला, नोरा. लहान का आहे ती आता? जिल, तो चेहरा बेरिलचा आहे.

जिल : कपाटावरच्या फोटोतली बेरिल? माझी बहीण?

हेटी : हो.

जिल : तिच्याबद्दल मला काय माहीत आहे, सांगू? पोलिओने गेली, सहा वर्षांची होती, मी तेव्हा जन्मले नव्हते. संपलं. पुढे काही विचारलं की तू चहा ठेवायला उठायचीस.

हेटी : आजही उठले असते. पण गुडघे दुखतायत. ... साथीच्या रोगांचं हॉस्पिटल होतं ते. आईबापांना आत सोडत नसत. बुधवारी आणि रविवारी, चार ते साडेचार, बाहेर उभं राहून खिडकीतून बघायचं. तुझे बाबा तेव्हा बोटीवर, त्यामुळे मी एकटीच. काच बंद, बोललेलं आत ऐकू जायचं नाही. खिडकी उंच होती, म्हणून तिथल्या माळ्याकडून सफरचंदांचं खोकं मागून घेतलं आणि त्यावर चढले. पहिल्या दिवशी ती आत रडली, मी बाहेर रडले. अर्धा तास तेवढंच.

जिल : आई...

हेटी : पुढच्या खेपेला ठरवून गेले, की रडायचं नाही. तिला रडू यायच्या आत भुवई वर केली आणि तोंड पाडलं. कुठून सुचलं देव जाणे. आणि हसली गं ती! आवाज येत नव्हता, पण पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसली. मग दर खेपेला तेच. मी खोक्यावर चढायचा अवकाश, ती भुवयांकडे बोट करायची.

जिल : मग सिनेमात कसा आला तो?

हेटी : बुधवार होता. मला दोनला सोडतो म्हणाले होते, अडीचची बस होती. ट्रेंटसाहेबांची वाक्यं घोटता घोटता जेवणाची सुट्टी झाली. माझा क्लोजअप शेवटी. आमच्यासारख्यांचा शेवटीच असायचा, मोठी माणसं घरी गेली की. समोर बदकसुद्धा नाही, काठीला फडकं बांधलेलं, त्याच्याकडे बघून काय ते करायचं. कागदावर लिहिलेलं, ‘घरमालकीण दचकते.’ डायरेक्टर म्हणाला, हेटी, दचकायला काय, सगळ्याच दचकतात. मला दुसरं काहीतरी दे. माझ्याजवळ दुसरं काय होतं, जिल? ते एकच होतं.

जिल : आणि ते तू दिलंस.

हेटी : दिलं. आणि हसले सगळे. दिवेवाले, सुतार, कपडेवाली, सगळे. हसण्याचा आवाज माइकमध्ये गेला, टेक बाद. पुन्हा केला, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा डायरेक्टरने स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला, तरी तोच आधी फुटला. सात वेळा केला मी तो.

जिल : पण सांगायचंस ना, मुलगी हॉस्पिटलात आहे, मला जाऊ द्या म्हणून. कुणीही सोडलं असतं.

हेटी : सोडलं असतं.

जिल : मग?

हेटी : मी आनंदात होते गं! दहा वर्षं ट्रे घेऊन आतबाहेर केलं, कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. त्या दिवशी चाळीस माणसं पोट धरून हसत होती, माझ्यामुळे. चौथ्या टेकनंतर मी घड्याळ बघितलं होतं. बघितलं, आणि पाचव्यांदा उभी राहिले. म्हटलं, रविवारी जाईन की. ती बरी होतेय असंच सांगत होते सगळे. शुक्रवारी पहाटे गेली ती.

जिल : मला माहीत नव्हतं, आई. शाळेत मी तो... देवा, मी तो तुझ्यासमोर करायचे.

हेटी : तुझा काय दोष? तू लेकरू होतीस. मी तो विकला, आणि लोकांनी उचलून धरला. पुढे वीस सिनेमे मिळाले मला त्या भुवईवर. तुझ्या शाळेचे बूटसुद्धा तिच्यातूनच आले. एवढी एकच देवाची दया, की त्या बुधवारी ती झोपलेली होती. नोराच्या दुकानाला बुधवारी अर्धा दिवस सुट्टी असायची, म्हणून तीही जाणार होती. मी आले नाही हे बेरिलला कळलंच नाही. नोराने तसं सांगितलं म्हणून मी टिकले, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे. आपला तो चेहरा तिने शेवटचा बघितला रविवारी. त्यानंतरचा सगळा चोरीचा. त्या तीनशे पुठ्ठ्यांसकट.

जिल : मावशी, काय झालं? अशी काय बघतेयस?

नोरा : चोरीचा म्हणू नकोस, हेटी. रविवारनंतरही तो चेहरा त्या खिडकीत झालाय.

हेटी : कुणी केला? तुला करता येतो थोडाच?

नोरा : ती झोपलेली नव्हती.

हेटी : नोरा.

नोरा : झोपलेली नव्हती ती. चार वाजता मी त्या तुझ्या खोक्यावर चढले. ती उशांना टेकून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला बघितलं, आणि माझ्या मागे बघायला लागली.

हेटी : माझी वाट बघत होती.

नोरा : हो.

हेटी : एक्केचाळीस वर्षं तू मला...

नोरा : शिव्या दे हव्या तेवढ्या, पण आधी ऐकून घे. मी हात हलवला. ती भुवयांकडे बोट करायला लागली. मी हातमोजे विकणारी बाई, मला कुठे येतंय तोंड वेडंवाकडं करायला? मला रडू फुटलं. मूर्खासारखी खोक्यावर उभी राहून रडायला लागले. आणि मग तिनेच केला.

जिल : काय केला?

नोरा : तो चेहरा. मी रडू नये म्हणून. तोंड पाडलं, हुबेहूब तुझ्यासारखं. भुवई काही तिला एकटी उचलता येईना, मग बोट लावून वर ढकलली, आणि तशीच धरून ठेवली. मी हसेपर्यंत. मी नाक पुसत पुसत हसले, तेव्हा कुठे सोडली.

हेटी : आणि हे तू मला आज सांगतेस.

नोरा : हे सांगितलं असतं तर ते दुसरंही सांगावं लागलं असतं, ती जागी होती ते. वाटलं, झोपेचं ऐकून तुला झोप तरी लागेल. एकाशिवाय दुसरं तुला देता येत नव्हतं मला. चुकले असेन. घरी जाताना बसमध्ये मी रडले नाही, एवढं खरं. तिने हसवून पाठवलं होतं मला.

(खाली कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवतं.)

जिल : आई, मी फोन करून कळवते त्यांना. बरं नाही म्हणून सांगते. कुणी काही म्हणणार नाही.

हेटी : नको करूस फोन. एकदा एकीला वाट बघायला लावली, तेवढं पुरे झालं.

जिल : अगं, पण ते तुला तो चेहरा करायला लावणार.

हेटी : पुठ्ठ्यावरचा नाही करणार मी. नोरा, ते बोट कुठल्या हाताचं होतं?

नोरा : राहू दे ना, हेटी.

हेटी : कुठल्या हाताचं?

नोरा : डाव्या. उजवा तिचा उचलत नव्हता.

हेटी : बोट भुवईला, असं?

नोरा : जरा वर. ... हां. असंच.