अख्खं कपाट

गाडीचं सर्व्हिसिंग होईपर्यंत मास्तरीणबाई शोरूममध्ये वर्तमानपत्र धरून बसल्या होत्या, पण कान होते शेजारच्या सुतार नवरा-बायकोकडे.

"सगळ्यात स्वस्त पिकअप हीच. एसी नाही, गाणी नाहीत."

"गाणी तुम्ही म्हणताच की! हौदा मोजलात?"

"तीनदा. पुरता सात फूट भरला."

"मग घेऊन टाका."

"अगं, रंग तरी बघ!"

"रंग कसला बघायचा! भाड्याच्या टेम्पोत मावावं म्हणून वीस वर्षं प्रत्येक कपाट दोन तुकड्यांत केलंत."

"लोकांना वाटतं, तीच माझी खासियत."

"आणि आता?"

"आता अख्खं करणार. मधे जोड नाही की सांधा नाही."

"ते गिऱ्हाइकाच्या दारातून आत कसं न्याल?"

मास्तरीणबाईंचं पान उलटायचं राहिलं.

"दारंही मीच करतो ना!"