झाकणाच्या आत नकाशा नव्हता

गुरुवार, नऊ जानेवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. त्या वेळी माझ्या मित्राच्या, बापूच्या पत्नीचा फोन आला, आवं भावजी, मशिन सारखं बोंबलतंय, लवकर या. पण तुम्ही पेपरात छापणार, तर आधी मी कोण, ते लिहून घ्या. माझा जन्म माण तालुक्यातला, बापूचाही; दोघं एकाच दिवशी भरती झालो. तो पायदळात गेला, मी यंत्रदुरुस्तीत. निवृत्तीनंतर मिरजेच्या एका लहान कारखान्यात मी चौदा वर्षं काढली. तिथं दवाखान्यांची यंत्रं बनत, आणि प्रत्येक यंत्राच्या झाकणाला आतून जोडणीचा नकाशा चिकटवलेला असे, म्हणजे कुठल्याही गावातला जाणता माणूस ते उघडून दुरुस्त करील. नकाशे मीच चिकटवत असे. पुढं परदेशी यंत्रांवरचं आयात शुल्क उतरलं, तयार माल आमच्या सुट्या भागांपेक्षाही स्वस्त येऊ लागला, मालकांनी कारखाना बंद केला आणि त्याच जागेत परदेशी खोकी विकायला बसले. मी दहिवडीला परत आलो.

परदेशी मालाशी माझं वैर नाही, हे नीट लिहा. लष्करात मी परदेशी यंत्रंच दुरुस्त केली. त्यांच्यासोबत विटेएवढं जाड पुस्तक येई. बापूची फुफ्फुसं निकामी झाली, हवेतून प्राणवायू वेगळा करणारं यंत्र त्याच्या घरी आलं, ते परदेशी होतं म्हणूनच त्याला परवडलं. तेही लिहा.

तर मी दहिवडीहून बापूच्या गावी पोचलो. बापू खाटेवर, नाकात नळी. म्हणाला, आलास व्हय रं गड्या, ह्याला जरा गप कर, बायकोपरीस जास्त वराडतंय. वहिनी म्हणाल्या, बोलू नका, दम लागंल. मी यंत्राची मागची जाळी काढली. माणची धूळ, दुसरं काय. जाळी धुतली, वाळवली, बसवली. भोंगा थांबला, काम संपलं. तिथं मी उठायला हवं होतं. पण काय सांगू तुम्हाला, चौदा वर्षांत एकही यंत्र मी आतून न पाहता परत दिलं नव्हतं. वीज गेली तर असावा म्हणून घरात प्राणवायूचा एक लहान सिलिंडर होता, बापूला त्यावर ठेवलं, यंत्र बंद केलं, आणि चार स्क्रू काढून झाकण उलटं केलं. नकाशा नव्हता. उघडू नका, एवढी एक चिठ्ठी होती. आत धूळही नव्हती. झाकण जसंच्या तसं बसवलं, बटण दाबलं, तर पडद्यावर कुलपाचं चित्र. यंत्रात दोष काही नाही, आणि ते चालायला तयार नाही.

कंपनीला फोन लावला. मुलगी अदबीनं बोलली, सर, अनधिकृत व्यक्तीनं झाकण उघडलंय, कुलूप उघडायचा अंक परदेशातल्या ऑफिसातून येतो, तिथं आता रात्र आहे. मी म्हटलं, इथं माणूस आहे. ती म्हणाली, तक्रार नोंदवली आहे, सर. तिच्यावर काय ओरडू? राग आहे तो हा व्यवहार ठरवणाऱ्यांवर. खोक्याला बंदरात कुणी अडवत नाही, माझ्या स्क्रूड्रायव्हरला मात्र बापूच्या घरात बंदी. यंत्र बापूचं, मग कुलूप त्यांचं कसं? त्यानं श्वाससुद्धा त्यांच्या ऑफिसच्या वेळेवर घ्यायचा? आणि राग माझ्यावरही आहे. उघडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बापू लहान सिलिंडरकडं बघून म्हणाला, ह्यात किती हाय? मी सांगितलं, दुपारपर्यंत. तो म्हणाला, मग बसलायस कशाला, जा की. एवढंच. बोल लावला नाही.

शेजाऱ्याच्या जीपनं दहिवडी गाठली. पहिल्या दवाखान्यात नकार मिळाला. दुसऱ्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या सहीवर मोठा सिलिंडर दिला. परत आलो तेव्हा लहान सिलिंडरचा काटा तांबड्या पट्टीत होता आणि वहिनी बापूची पाठ चोळत होत्या.

आता संध्याकाळचे पाच. अंक आलेला नाही. उद्या येईल, म्हणतात. बापूला डोळा लागला आहे. जागा झाल्यावर मी त्याची माफी मागणार नाही, त्याला ते आवडायचं नाही. परमेश्वरानं त्याला नीट झोपू द्यावं. तुम्ही यायच्या आधी मी मोठा सिलिंडर खांबाला दोरीनं आवळला, चावीनं तोंड उघडलं, प्राणवायूचं माप मिनिटाला दोन लिटरवर आणलं, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येताना पाहिले. मग चावी सुतळीनं सिलिंडरच्या गळ्यात बांधली आणि कुठल्या बाजूला फिरवायची, ते वहिनींकडून दोनदा करून घेतलं.