माझ्या मापाची सीट

...आणि वर मलाच सांगतात, ‘काका, जरा आवरून बसा.’ आवरून बसा! अहो, काय काय आवरू? हात मांडीवर घेतले, कोपरं पोटाशी घेतली, पोट कुठे घेऊ? आणि तुम्हाला सांगतो, ज्या सीटवर मला आवरून बसायला सांगतात ना, तिचं माप माझं आहे. माझ्यासारख्याचं नाही... माझंच. टेप लावून घेतलेलं.

झालं असं, की आमच्या रेल्वे लाइनीवरच्या जुन्या डिझेल गाड्या नव्यासारख्या करायचं वरून ठरलं. जुन्या म्हणजे किती? खिडकी उघडी असली की बंद व्हायची नाही, बंद असली की उघडायची नाही, रेक्झिन फाटून आतला स्पंज डोकावायचा, इंजिन सुरू झालं की आपले दात वाजायचे, आणि घरी गेलं तरी केसांना डिझेलचा वास. पण बाकं! काय बाकं होती हो... सलग, लांबलचक. तिघांच्या बाकावर चौथा यायचा, ‘थोडं सरका’ म्हणायचा, आणि सरकायला खरंच जागा निघायची. मी आणि बायको त्याच गाडीनं कामाला जातो, ती दवाखान्यात, मी गाड्यांच्या वर्कशॉपात, स्टोअरला. लग्न झाल्यापासून संध्याकाळी परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. घरात आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, नळ गळतोय, एवढंच. पण गाडीत तेवढा वेळ माझा खांदा तिचा. मला ते फार आवडायचं. कधी सांगितलं नाही, पण आवडायचं.

तर त्या गाड्या दुरुस्तीला आमच्याच वर्कशॉपात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग हेड ऑफिसातून डिझाइनवाला आला, गळ्यात टेप. म्हणाला, सीट सरासरी प्रवाशाच्या मापाची हवी, चार-पाच माणसं द्या. फोरमननं माणसं शोधली तर सगळी चहाला गेलेली. उरलो मी. आणि मी कसा? कावीळ होऊन महिना-दोन महिने अंथरुणाला खिळलेला, त्याच दिवशी कामावर हजर झालेला, पँट सुतळीनं बांधलेली! फोरमन म्हणतो, ‘हा घ्या साहेब. उंची मध्यम, वय मध्यम, पगार मध्यम... याच्याइतका सरासरी माणूस आमच्याकडे दुसरा नाही.’ मी म्हटलं, अहो, मी आत्ता आजारातून उठलोय. तर डिझाइनवाला टेप सोडवत म्हणतो, ‘उठलात ना? मग बसा.’

बसलो. त्यानं पाठ मोजली, गुडघे मोजले, दोन कोपरांमधलं अंतर मोजलं. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, की ही माझी नेहमीची कंबर नाही हो, ही तात्पुरती आहे. ऐकतोय कोण? चार-पाच जणांची सरासरी काढायची होती, ती एकट्याचीच निघाली, म्हणजे बेरीजही वाचली आणि भागाकारही. आणि त्या एका कंबरेवर किती सीटा बेतल्या? सगळ्या! सगळ्या गाड्यांच्या! दर दोन सीटांमध्ये एक लोखंडी हात, पक्का ठोकलेला, उचलायची सोय नाही. माप माझं, बरं का.

इकडे घरी बायको हट्टाला पेटलेली. डॉक्टर म्हणालेत अंग भरलं पाहिजे, हे संपवा, एवढं तरी घ्या, माझ्यासाठी घ्या... घेतलं. अंग भरलं. कावीळ व्हायच्या आधी नव्हतं इतकं भरलं.

मग गाडी आली. छान झाली, खोटं कशाला बोला. बाहेरून नवा रंग, आत मंद दिवे, मोबाइल लावायला जागा, खिडक्या उघडतात आणि उघडलेल्या बंदही होतात. संडासातून माणसं बाहेर येतात ती तोंड वाकडं न करता! इंजिन तेच, पण खाली कसलं तरी जाड रबर घातलंय, त्यामुळे ते आता दात वाजवत नाही, नुसता घसा खाकरतं. पहिल्या दिवशी आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ज्यांचं माप घेतलं त्यांनीच आधी बसावं. बसलो. म्हणजे... आत गेलो. भाषण झालं, टाळ्या झाल्या, मंडळी उतरली, मी सीटमध्येच. शेवटी एका हाताला फोरमन आणि दुसऱ्या हाताला डिझाइनवाला लागला, तेव्हा निघालो. डिझाइनवाला नुसता माझ्या कंबरेकडे बघत राहिला, जशी काही मी त्याची फसवणूक केली. माप माझं, बरं का!

नंतर दोन-चारदा कसाबसा बसून बघितलं, तर शेजारचे ‘आवरून बसा’ म्हणतात; तेव्हापासून मी रोज उभा. परवा डब्यात कुणीतरी ओरडलं, ‘कुठल्या काडीपहिलवानाचं माप घेतलंय यांनी?’ मी खिडकीबाहेर बघतोय, तर बायको शांतपणे सांगते, ‘ह्यांचं.’ अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. आणि ती? ती बसते व्यवस्थित. सीटला डोक्यापाशी दोन बाजूंना कान आहेत, त्यातल्या एकाला डोकं टेकवते आणि डोळे मिटते. मी शेजारी दांडा धरून उभा, आणि त्या कानाकडे बघतोय. हसू नका. गाडीनं माझ्या खांद्याची बदली करून टाकली हो.

शेवटी साहेबांकडे गेलो. म्हटलं, सगळं राहू द्या, आमच्या दोन सीटांमधला एक हात तेवढा काढा. साहेब म्हणाले, ‘माप घेतलं तेव्हा सीट तुम्हाला बरोबर होती?’ म्हटलं, होती. ‘मग सीट बदलली का?’ म्हटलं, नाही. ‘मग बदललं कोण?’ आलो घरी.

जेवायला बसल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल. आणि तोंडातून निघूनच गेलं, ‘तुला काय, तुझी त्या सीटच्या कानाशी छान सोय झालीय.’ तर ती म्हणाली, ‘अहो, डोकं टेकतं तिथे. झोप नाही लागत.’

काय सांगू तुम्हाला... घास हातातच राहिला माझा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मग बघ, साहेबांना कळायला नको का? तर ती म्हणाली, ‘साहेबांचं बरोबर आहे,’ आणि माझ्या पुढ्यातलं ताट ओढून त्यातलं निम्मं तिनं परत भांड्यात काढलं. आज पंधरवडा झाला, रोज निम्मंच मिळतंय. काय करता... गाडी माझ्या मापाची करून झाली, आता मला गाडीच्या मापाचा करायला घेतलंय.