निळ्या चेनची तपकिरी बॅग

नाव : कागदोपत्री वेगळं आहे, बाजारात सगळे चेनवाली मावशी म्हणतात. वय : बावन्न वर्षे. धंदा : बॅगा व पर्स दुरुस्ती, चेन बसवणे. राहणार : पुलाखालचा बाजार, गाळ्यावरचा माळा.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते व तेवीस वर्षे हाच धंदा करते. माझं कोणाशी वैर नाही. शेजारचा कुलूपवाला वेगळं सांगेल, त्याचं मनावर घेऊ नये.

आज सकाळी अकराच्या सुमारास साधारण अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी खांद्याला लावायची काळी बॅग घेऊन गाळ्यावर आली. बॅगेचा पट्टा कडीसकट उपटलेला होता. मुलीच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. मी विचारलं, "पडलीस का गं?" ती म्हणाली, "जिन्यावरून." मी म्हटलं, "आणि पट्टा कोणी ओढला? जिन्याने?" यावर ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मला रडणारं गिऱ्हाईक आवडत नाही, पण पाणी दिलं.

तिने सांगितलं ते असं. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. नवरा मारायचा म्हणून सात महिन्यांपूर्वी घर सोडलं. पहिले चार महिने निवांत गेले. मागच्या तीन महिन्यांत तिने तीनदा खोली बदलली आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत नवरा जिन्याखाली हजर. गेल्या गुरुवारी त्याने बॅग धरून ओढली, त्यात ती पडली. खोलीतली मैत्रीणच त्याला पत्ता देते असं धरून हिने तिचा फोन तपासला, तिला नको नको ते बोलली. आता ती मैत्रीणही तुटली. डॉक्टरांवरसुद्धा संशय घेऊन झाला. मी विचारलं, "आणि घरचे?" ती म्हणाली, "आईला पत्ता सांगितलेलाच नाही. बिचारी भोळी आहे, कोणी गोड बोललं की सांगून बसेल. दर रविवारी मीच तिच्याकडे जाते."

पट्टा बसवायला मी अस्तर बाजूला सारलं, तर कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. टीप उसवून पाहिली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं पांढरं यंत्र निघालं. कुलूपवाल्याने ओळखलं. किल्ल्या हरवू नयेत म्हणून लावतात, कुठे आहे ते फोनवर दिसतं, तो स्वतः असली विकतो. मुलगी म्हणाली, "बघितलंत? तिनेच घातलं." म्हणजे मैत्रिणीने.

मी उसवलेली टीप उजेडात धरून पाहिली. ती माझी होती. मी धाग्याला मेण लावते आणि शेवटी तीन टाके उलटे मारते. बाजारात दुसरं कोणी एवढा खटाटोप करत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बॅग कुठून घेतलीस?" ती म्हणाली, "आईने दिली, वाढदिवसाला. तीन महिने झाले." मला चेहरे लक्षात राहत नाहीत, म्हणून खात्री नव्हती. खात्रीशिवाय कोणाच्या आईचं नाव कसं घ्यायचं? मी गाळा बंद केला आणि बॅग व यंत्र घेऊन तिला इथे आणलं. तिने वाटेतूनच आईला फोन करून बोलावलं.

साडेबाराला आई आली. तिच्या हातात तपकिरी बॅग होती आणि बॅगेला निळी चेन. ती चेन मी बसवली आहे. तीन महिन्यांपूर्वी ती गाळ्यावर आली होती, तेव्हा तपकिरी चेन संपली होती, ती म्हणाली, "निळी चालेल, घाई आहे." तेव्हा तिच्या सोबत हीच काळी बॅग होती, नवी कोरी. म्हणाली, "लेकीला द्यायची आहे, अस्तर उसवलंय, तेवढं शिवा. आतलं काढू नका, बॅगेचा आकार राहावा म्हणून कंपनीनेच घातलंय." अस्तर उसवलेलं नव्हतं, ब्लेडने कापलेलं होतं. ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारले की ते पुढच्या गाळ्यावर जातं. चूक माझी आहे, तीही लिहावी.

पाण्याच्या नळाशी मी तिला एकटीला गाठलं. तिनेही मला ओळखलं. ती म्हणाली, "तुम्हाला लेक आहे?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्हाला नाही कळायचं. जावई माझ्या पायाशी बसून रडला हो. म्हणाला, एकदा समोरासमोर बोलू द्या. लेकीचा संसार सावरावा म्हणून केलं." मी म्हटलं, "आणि तिचा हात?" ती म्हणाली, "तिचा पाय घसरला, जावईच सांगत होता. आज तिला घरी नेते. तोही येतोय. दोघांना समोर बसवते. तुम्ही मध्ये पडू नका." मला तिथेच तिच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काढला नाही.

मुलीला यातलं काही माहीत नाही. ती बाहेर बाकावर आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली आहे. मला वाचून दाखवलेला हा जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. अस्तर शिवणारी मीच, हेही त्यात आलं आहे. माझी एवढीच विनंती की ठाण्यातून जाण्याआधी हा कागद त्या मुलीलाही वाचून दाखवावा. आईने दारात गाडी बोलावली आहे, म्हणून माझी सही लवकर घ्यावी.