बाटलीतला पापुद्रा

(जळीत विभागामागची प्रयोगशाळा. दुपार.)

ताई : वहिनी, तुम्ही? परवाच ते गेले, आणि आज इथे?

वहिनी : घर पाहुण्यांनी भरलंय. दवाखान्यात एक सही राहिलीय, असं सांगून निघाले मी.

ताई : सही नाही राहिलेली.

वहिनी : माहितीय. ताई, ह्यांच्या काखेतून नखाएवढी कातडी काढून नेली होतीत. तिचं काय झालं?

ताई : वाढतेय.

वहिनी : अजून?

ताई : बसा जरा. बॉयलरच्या वाफेनं अंगावर धड जागाच उरली नव्हती. नाहीतर मांडीची कातडी काढून पाठीवर लावली असती. म्हणून तेवढीशी घेऊन इथे वाढवत होतो. तिला तीन आठवडे लागतात. ते एकोणिसाव्या दिवशी गेले.

वहिनी : आज एकविसावा. आज लावली असती.

ताई : हो.

वहिनी : दाखवा मला.

ताई : बघण्यासारखं काही नाही त्यात.

वहिनी : एकोणीस दिवस मी नुसत्या पट्ट्या बघितल्यात, ताई.

ताई : ...ही बघा. बाटलीच्या तळाशी. उजेडाकडे धरा.

वहिनी : सायीसारखी आहे. हिला कळलं नाही वाटतं, ते गेले ते.

ताई : तिला कुठलं कळतंय. ऊब मिळाली की वाढते.

वहिनी : दुसऱ्या कुणाला लावा की मग.

ताई : परक्याची कातडी अंग ठेवून घेत नाही, वहिनी. काही दिवसांनी गळून पडते. नियमानं आता ही नष्ट करायची. किंवा तुम्ही परवानगी दिलीत, तर हिच्यावर शिकायचं. तीन आठवड्यांचं काम आठवड्यात कसं होईल, ते बघतोय आम्ही.

वहिनी : होईल?

ताई : सांगता येत नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

वहिनी : सासूबाई म्हणतील, माझ्या लेकाचा तुकडा मागे का ठेवलास.

ताई : मग राहू द्या. त्यांचं मन मोडायला नको.

वहिनी : नाही. मी समजावते त्यांना. कामाची पाळी संपली, तरी बदलीचा माणूस आल्याशिवाय हे बॉयलरपासून हलायचे नाहीत. जेवण गार व्हायचं, मी चिडायचे. सासूबाई तेव्हा त्यांचीच बाजू घ्यायच्या. कुठे सही करू?

ताई : इथे. खाली नातं लिहा.

वहिनी : लिहिलं. रविवारी कोण असतं इथे?

ताई : मीच. रोज पोषणाचं पाणी बदलावं लागतं तिचं.

वहिनी : बरं. मग निघते मी.