चप्पल कायले हुंगवता?

...आता तुमीच सांगा, चप्पल हुंगवून कोनाचा दिमाग ठिकानावर आलेला पाह्यला का तुमी? अन् तेबी शामची चप्पल! शाम म्हंजे माह्या बसचा कंडक्टर. मी पंजाबराव, डायवर, दिग्रस-यवतमाळ, अठरा वर्षं झाले, स्टेअरिंगले डाग लागू देल्ला नाही. त्या दिवशी डेपोच्या बाकड्यावर बसून होतो, तं डोळ्यासमोर एक चमकती वाकडीतिकडी रेघ आली. पह्यले रुपयाएवढी, मंग वाटीएवढी, मंग ताटाएवढी... हाताले मुंग्या आल्या, म्हनून हात झटकून राह्यलो, बोलाले गेलो तं जीभ जड. बस! शाम वरडला, "मिरगी आली, मिरगी!" अन् नाकाले चप्पल. मले सारं समजून राह्यलं होतं, पन माह्यं ऐकते कोन!

आधीच अर्धं डोकं ठनकाले लागलं, त्यात थो वास... भडाभडा ओकलो ना बाप्पा. तं बंदे खुश, चपलीचा गुन आला म्हने!

दुपारपर्यंत बातमी मारेगावले माह्या साळ्याच्या घरी. डेपोचे साहेब मले बाजूले घेऊन म्हनाले, पंजाबराव, बसमधी पन्नास जीव असतात, मिरगी नाही असा डॉक्टरचा कागद आना, मंगच स्टेअरिंग. नाहीतं डेपोत टायर धुवा. खोटं कायले बोलू, साहेबाचं बराबर होतं, म्हनूनच तं मले रडू आलं. मी म्हनून राह्यलो, मिरगी नव्हती, पन माह्यं ऐकते कोन!

मंग पंधरा दिवसानं यवतमाळले गेलतो, शाल्मली मॅडमकडं, मेंदूच्या डॉक्टर. संग माही बायको, प्रभावती. मॅडम काय इचारते, काय इचारते! रेघ किती वेळ होती? वीस-पंचवीस मिनिटं. एकदम आली का पसरत गेली? पसरत गेली. शुद्ध? शुद्धीत होतो जी, चपलीचा नंबरबी सांगतो! तं म्हने, फिट बहुतेक दोन-तीन मिनिटांत आटोपते, हे मायग्रेन वाटतंय. मी खुर्चीतून उठलोच. पन नाही, म्हने बसा, ज्यानं पाह्यलं त्याच्याशी बोलल्याशिवाय कागद नाही. लावा शामले फोन, स्पीकरवर...

अन् शाम काय बोलावा? "मॅडम, हात उडून राह्यलता, अन् तोंडातून लाल लाल फेस. रगतच जी!"

मॅडमचा पेन थांबला. मले तोंड उघडाले लावलं, बॅटरी मारली, जीभ इकडून पाह्यली, तिकडून पाह्यली. आता पंधरा दिवसानं काय दिसते? तं हळूच म्हनाल्या, "जीभ चावली असेल आणि जखम भरली असेल, तर मला फिटचा विचार करावा लागेल."

आता तुमाले सांगतो, कोनाले सांगू नका... थे रगत नव्हतं. खर्रा होता! सुपारी-तंबाखूची अर्धी पुडी गालात दाबून बसलो होतो, थुकाच्या आधीच चप्पल आली, तं रस गेला हनुवटीवर. पन हे बोलू कसा? बाजूले प्रभावती! पौर्निमेले विहारात पाचवं शील, नशा करनार नाही थे, म्हनताना बाई सारा वेळ माह्याकडं पाहत होती, घरी आल्यावर खर्रा सोडाचं वचन मांगतलं, अन् मी देल्लं. आता बोललो तं वचन गेलं, नाही बोललो तं स्टेअरिंग गेलं. इकडं आड, तिकडं विहीर.

शेवटी मान खाली घातली. "मॅडम, थे रगत नाही जी... खर्रा होता."

इतके दिवस माह्यं ऐकते कोन म्हनत होतो ना? थे वाक्य प्रभावतीनं बराबर ऐकलं!

मॅडमनं पुन्हा शामले खोदून खोदून इचारलं, माह्या डोक्याले वायरा लावून तपासलं, अन् मंग कागद लिहिला: मायग्रेन, मिरगी नाही. गोळ्या देल्ल्या. म्हने, रेघ दिसली का बस बाजूले उभी करा, स्टेअरिंग सोडा. अन् घरी डोकं ठनकलं तं शांत खोलीत पडून राहा, जवळ कोनी बोलू नये.

स्टेअरिंग भेटलं बाप्पा, सोमवारपासून ड्युटीवर हाओ. अन् घरी? नऊ दिवस झाले, प्रभावती एक शब्द बोलून नाही राह्यली... मॅडमनं एक खोली शांत ठेवा सांगतलं होतं, तिनं अख्खं घरच करून देल्लं.